खानदेशात रेडिओ कसा ऐकला गेला? प्रसारणाचा इतिहास शोधायची रीत

'आमच्या गावात पहिला रेडिओ पाटलांच्या वाड्यात आला, सन बत्तीसच्या सुमारास. दिवसभर मुंबई एकदम साफ लागायची.' जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या जुन्या गावांत अशा धर्तीचं वाक्य हमखास कानावर पडतं. ते खोटंच असतं असं नाही. पण त्यात तीन दावे एकत्र बांधलेले असतात: संच होता, तो अमुक साली होता, आणि त्यावर अमुक केंद्र लागत होतं. हे तिन्ही वेगवेगळे तपासावे लागतात आणि प्रत्येकाचा पुरावा वेगळ्या ठिकाणी सापडतो.

रेडिओच्या इतिहासावर आपल्याकडे जे लिहिलं जातं, ते बहुतेक केंद्रांबद्दल असतं: उद्घाटन कोणी केलं, संचालक कोण होते, कोणते कार्यक्रम गाजले. खानदेशापुरती ही वाट सुरुवातीलाच अडते. मुंबईचं केंद्र १९२७ साली सुरू झालं आणि जळगावचं १९७६ साली. मधली जवळजवळ पन्नास वर्षं खानदेशात केंद्र नव्हतं, नुसते ऐकणारे होते. त्यामुळे इथला रेडिओचा इतिहास ऐकणाऱ्याच्या बाजूने, म्हणजे संच, परवाना, बॅटरी, एरियल आणि आठवण यांतूनच काढावा लागतो. आठवण पारखायला थोडं भौतिकशास्त्र लागतं, ते पुढे येईलच.

आधी सनावळी, कारण ती डोक्यात नसेल तर कुठलीच आठवण ताडून बघता येत नाही.

मुंबईत रेडिओ क्लबचं हौशी प्रसारण १९२३ साली झालं. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झालं. प्रक्षेपक दीड किलोवॅटचा होता आणि खात्रीने ऐकू येण्याचा पल्ला तीसेक मैलांचाच धरला जाई. घरात रेडिओ ठेवण्याच्या परवान्याची वार्षिक फी दहा रुपये होती. कंपनी १९३० साली बुडाली, तेव्हा देशभरातले परवाने आठ हजारांच्या आसपास होते. १ एप्रिल १९३० पासून सरकारने कारभार हाती घेतला. ८ जून १९३६ रोजी 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव आलं. 'आकाशवाणी' हे नाव म्हैसूरच्या केंद्राने १९३५ पासूनच लावलं होतं, देशभर ते १९५७ च्या सुमाराला रुळलं. म्हणजे १९४५ ची आठवण सांगताना कोणी 'आकाशवाणी मुंबई' म्हणालं, तर ते नाव मागाहून चिकटलेलं आहे. आठवण त्यामुळे बाद होत नाही, फक्त शब्दांवर भार टाकायचा नाही.

१९३८ साली मुंबईला दहा किलोवॅटचा शॉर्ट वेव्ह प्रक्षेपक बसला, आणि खानदेशाच्या दृष्टीने ही तारीख १९२७ पेक्षा मोलाची आहे, कारण पुढे लहरींच्या गणितात येईल. स्वातंत्र्याच्या वेळी भारताच्या वाट्याला ऑल इंडिया रेडिओची सहाच केंद्रं आली: दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, तिरुचिरापल्ली आणि लखनौ. पुढे नागपूर जुलै १९४८ मध्ये, पुणे २ ऑक्टोबर १९५३ रोजी आणि इंदूर मे १९५५ मध्ये सुरू झालं. विविध भारतीची सुरुवात ३ ऑक्टोबर १९५७ ची.

कोणतं केंद्र लागत असेल?

नकाशा घ्या आणि पट्टीने सरळ अंतर मोजा. रस्त्याचं किंवा रेल्वेचं अंतर इथे उपयोगाचं नाही. जळगावहून मुंबई साधारण ३५० किलोमीटर, पुणे ३२५, नागपूर ३६५. आणि इंदूर? जेमतेम १९०. नंदुरबारहून मुंबई २९० भरते, तर बडोदा दीडशेच्या आसपास. बडोदा संस्थानाचं स्वतःचं केंद्र होतं, ते १९४८ साली ऑल इंडिया रेडिओत सामील झालं. निजामाच्या राज्यात औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, छोटं केंद्र होतं. तेही १९५० साली सरकारी जाळ्यात आलं. चाळीसगावहून ते जेमतेम सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. तेव्हा 'खानदेशात मुंबई ऐकत' हे वाक्य सरसकट धरून चालू नये. रावेर-यावलला कोणतं केंद्र, शहादा-तळोद्याला कोणतं आणि चाळीसगावला कोणतं, याची उत्तरं वेगवेगळी येऊ शकतात. प्रश्न विचारताना हा फरक ध्यानात ठेवला की माणसं आपणहून इंदूरचं किंवा बडोद्याचं नाव काढतात. नाही तर विचारणाराच 'मुंबई' हा शब्द त्यांच्या तोंडी घालतो.

आता लहरींचं गणित. मिडियम वेव्हची लहर दिवसा जमिनीला धरून जाते आणि जाताना क्षीण होत जाते. तिचा जो भाग आकाशाकडे जातो, तो वातावरणाच्या वरच्या भागातला साठ-नव्वद किलोमीटर उंचीवरचा विद्युतभारित थर दिवसा शोषून घेतो. सूर्य मावळला की हा थर विरतो, लहर त्याहून उंच थरावरून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटर लांब उतरते. म्हणून दीड किलोवॅटची मुंबई १९३२ साली जळगावला रात्री, चांगल्या एरियलवर, चढउतारासह लागणं शक्य आहे. भर दुपारी 'एकदम साफ' लागणं जवळपास अशक्य. वरच्या वाक्यातला तिसरा दावा इथेच पडतो. पहिले दोन मात्र अजून उभे आहेत, ही गोष्ट विसरू नये. आठवणीत एक चूक सापडली म्हणून सगळी आठवण फेकून देणारे संशोधक कमी नाहीत.

शॉर्ट वेव्हची तऱ्हा उलटी. इथे जमिनीवरची लहर थोड्या अंतरात संपते आणि आकाशातून परतणारी लहर बरीच पुढे जाऊन पडते. मधल्या पट्ट्यात काहीच ऐकू येत नाही. कोलंबो जळगावपासून सोळाशे किलोमीटरवर आहे, तरी रेडिओ सिलोन खणखणीत लागायचं, आणि त्याच बँडवर साडेतीनशे किलोमीटरवरचं केंद्र गायब असायचं, याचं कारण हेच. जवळचं ऐकायचं तर जास्त लांबीच्या लहरी लागतात, कारण त्या जवळजवळ सरळ वर जाऊन पुन्हा खाली येऊ शकतात. नंतरच्या दशकांत मुंबई केंद्र संध्याकाळी ४८४० किलोहर्ट्झवर आणि दिवसा ७२४० वर असे, ते याच हिशेबाने. पंचवीस मीटरच्या बँडवर मुंबई ऐकल्याची आठवण कोणी सांगितली, तर बँडचा किंवा केंद्राचा घोळ झालाय असं समजून पुन्हा विचारा.

जुन्या कागदांवर आणि डायलवर मीटर छापलेले असतात, नव्यांवर किलोहर्ट्झ. रूपांतर सोपं: २,९९,७९२ ला किलोहर्ट्झने भागा, मीटर मिळतात, मीटरने भागा, किलोहर्ट्झ मिळतात. जळगाव केंद्राची मिडियम वेव्ह ९६३ किलोहर्ट्झ, म्हणजे ३११ मीटर. १९२७ ची मुंबई ३५७.१ मीटरवर होती, म्हणजे ८४० किलोहर्ट्झच्या जवळ. 'किलोसायकल' छापलेलं दिसलं तर आकडा तोच राहतो, फक्त कागद जुना आहे एवढं कळतं.

याच आकड्यांत तारखेची एक छान खूण दडलेली आहे. २३ नोव्हेंबर १९७८ रोजी जिनिव्हा करारानुसार आशिया, युरोप, आफ्रिकेतल्या मिडियम वेव्ह केंद्रांच्या वारंवारता ९ च्या पटीत बसवल्या गेल्या. त्याआधी आपल्याकडे दहा-दहाच्या अंतराने केंद्रं असायची. ९६३ म्हणजे ९ गुणिले १०७. तेव्हा जळगावपुढे ९६३ छापलेला कुठलाही कॅलेंडरचा कागद, जाहिरात किंवा कार्यक्रमपत्रिका हातात आली, तर ती बेधडक १९७८ नंतरची धरा. केंद्र मात्र १९७६ चं. पहिल्या दोन वर्षांतला कागद त्यावरच्या वेगळ्या आकड्यावरून ओळखता यावा, आणि असा कागद सापडला तर तो जपून ठेवण्यासारखा आहे.

संच स्वतः काय सांगतो

माळ्यावर पडलेला रेडिओ हा उत्तम साक्षीदार असतो, पण त्याला घाईने विजेला जोडू नका. तीस-चाळीस वर्षं बंद असलेल्या संचातले फिल्टर कपॅसिटर सुकलेले असतात. थेट २३० व्होल्ट दिले की ते फुटतात किंवा ट्रान्सफॉर्मर जाळतात. शिवाय एसी-डीसी दोन्हींवर चालणाऱ्या संचांत लोखंडी चासी सरळ विजेच्या एका तारेला जोडलेली असते, हात लावला की झटका. इतिहासासाठी संच वाजायची गरज नाही. मागचं पुठ्ठ्याचं झाकण काढलं तरी पुरे. वाजवायचाच असेल तर जाणत्या मेकॅनिककडून, साठ वॅटचा बल्ब सिरीजमध्ये लावून.

आत वॉल्व, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्या, दिसले की त्यांवरची अक्षरं वाचा. फिलिप्स-मुलार्ड पद्धतीत पहिलं अक्षर तापवणीचा प्रकार सांगतं: ई म्हणजे ६.३ व्होल्ट, साधारणपणे ट्रान्सफॉर्मर असलेला संच. यू म्हणजे एसी-डीसी. डी म्हणजे कोरड्या सेलवर चालणारा. डीके ९६, डीएफ ९६, डीएएफ ९६, डीएल ९६ अशी चौकडी दिसली की समजायचं, हा वीज नसलेल्या घरासाठी घेतलेला संच आहे. त्याला ९० व्होल्टची एक आणि दीड व्होल्टची दुसरी अशा दोन बॅटऱ्या लागत. आकडा बैठक सांगतो. तिशीचा आकडा, उदाहरणार्थ ईएल ३३, म्हणजे आठ पायांची मोठी ऑक्टल बैठक, ती १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धापासूनची. ऐंशीचा, म्हणजे ईएल ८४ किंवा ईसीएच ८१, नऊ बारीक पायांचा, १९५० च्या दशकातला. वॉल्व नसतील आणि एसी १२८, एएफ ११७ अशी नावं असतील तर तो १९६० च्या दशकातला जर्मेनियम ट्रान्झिस्टर. बीसी १४८, बीएफ १९४ दिसले तर सिलिकॉन, म्हणजे साधारण सत्तरच्या पुढे.

फसगत इथे होते: मेकॅनिक वॉल्व बदलतो, कपॅसिटर बदलतो, कधी तर दुसऱ्याच संचाची डायल बसवतो. चासीत ठोकलेल्या सॉकेटच्या बैठका सहसा बदलत नाहीत. म्हणून सालाचा अंदाज बैठकांवरून करा, बाकी भाग त्याला दुजोरा म्हणून घ्या. डायलच्या काचेवरची नावंही बोलतात. 'विविध भारती' असेल तर संच ऑक्टोबर १९५७ नंतरचा. 'सिलोन' असेल तर बहुधा १९७२ च्या आधीचा, कारण त्या वर्षी देशाचं नाव श्रीलंका झालं. लोकांच्या तोंडी मात्र सिलोन पुढेही राहिलं, म्हणून ही कसोटी काचेला लावा, बोलण्याला नको.

बॅटरीचा संच आणि गावात वीज येण्याचं साल यांची सांगड घाला. ग्रामपंचायतीच्या दप्तरात पहिल्या दिवाबत्तीच्या बिलाची नोंद मिळते. वीज येण्याआधीचा विजेवरचा संच गावात असेल, तर तो बाहेरगावाहून नंतर आला, किंवा जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यासारखी स्वतःची वीज असलेल्या जागी होता. अमळनेर, धुळे, जळगाव या गिरण्यांच्या गावांत दुसरी शक्यता चांगलीच खरी ठरू शकते.

परवान्याचं पुस्तक

रेडिओ घरात ठेवायला सरकारी परवाना लागे, ही गोष्ट आजच्या पोरांना सांगून पटत नाही. पोस्टातून छोटं पुस्तक मिळायचं. त्यात मालकाचं नाव, पत्ता, संचाची बनावट आणि दर वर्षी फी भरल्याची नोंद, तिकीट आणि त्यावर पोस्टाचा तारखेचा शिक्का. हॉटेल, दुकान यांना वेगळा, महागडा परवाना. ही पद्धत १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत चालली. पोस्टाकडचे कागद मुदत संपल्यावर रद्दीत जातात, पण घरातली पुस्तकं रेशनकार्डाच्या, सातबाऱ्याच्या गठ्ठ्यात, पत्र्याच्या पेटीत राहून जातात. खानदेशापुरतं याहून भक्कम साधन दुसरं नाही, असं आमचं मत.

पुस्तक हाती आलं की वाचायचं असं. पहिल्या पानावरची तारीख संच घरात आल्याची तारीख असतेच असं नाही. बरेच जण दोन-चार वर्षं विनापरवाना ऐकत आणि तपासणीची कुणकुण लागली की पोस्टात जात. म्हणून 'या तारखेला संच नक्की होता' एवढंच लिहावं. शिक्क्यातलं पोस्टाचं नाव नीट बघा: परवाना एरंडोलच्या पोस्टाचा आणि घर आज जळगावात, म्हणजे कुटुंब मधे हललं आहे. मधली वर्षं कोरी असतील तर संच बिघडला, विकला किंवा फी चुकवली, तिन्ही शक्यता. बहात्तरच्या दुष्काळाच्या आगेमागे पानं कोरी दिसली, तर घरच्यांना तेवढं जरूर विचारा. शेवटी पुस्तकाचा फोटो काढताना शिक्क्याचं पान तिरप्या उजेडात धरा, पुसट ठसा उठून दिसतो.

गावपातळीवरचे आकडे हवे असतील तर १९६२ चं जळगाव जिल्ह्याचं आणि १९७४ चं धुळे जिल्ह्याचं गॅझेटिअर उघडा, दळणवळणाच्या प्रकरणात टपाल-तार-दूरध्वनीच्या शेजारी शोधा. घरोघरच्या रेडिओची मोजणी जनगणनेत २००१ आणि २०११ साली झाली, तोवर रेडिओचा बहर ओसरला होता.

छापील कार्यक्रम आणि सरकारी कागद

ऑल इंडिया रेडिओचं इंग्रजी नियतकालिक 'द इंडियन लिसनर' डिसेंबर १९३५ पासून निघत असे, १९५८ साली त्याचं नाव 'आकाशवाणी' झालं. त्यात प्रत्येक केंद्राचे कार्यक्रम मिनिटांसह छापलेले असत, सोबत लहरींची लांबी. त्याचे बरेच अंक इंटरनेट अर्काइव्हवर फुकट बघायला मिळतात. सरावासाठी एक नेमका प्रश्न घ्या: डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन फैजपूरला भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. त्या आठवड्यात मुंबई केंद्राच्या कार्यक्रमांत त्याचा काही मागमूस आहे का? अंक उघडा, २७ आणि २८ डिसेंबरची पानं वाचा, मग त्याच दिवसांची मराठी वर्तमानपत्रं. मागमूस नसला तरी सरकारी माध्यम काय गाळत होतं, याची ती नोंद ठरते.

शोधताना स्पेलिंगचा त्रास होतो. इंग्रजी कागदांत धुळ्याला 'धुलिया', भुसावळला दोन-तीन तऱ्हा, आणि जिल्ह्यांना पूर्व खानदेश, पश्चिम खानदेश. नुसतं 'ई. खानदेश' असंही लिहिलेलं असतं. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ चा, त्याआधीचं सगळं धुळ्यात किंवा पश्चिम खानदेशात सापडेल. 'जळगाव' शोधलं की बुलढाण्याचं जळगाव जामोदही जाळ्यात येतं, ते वऱ्हाडातलं, वेगळं काढून ठेवा. स्कॅन केलेल्या अंकांतला शोध अक्षरं चुकीची वाचतो, त्यामुळे महत्त्वाचा आठवडा डोळ्यांनीच चाळावा.

वेळेचंही एक कोडं आहे. मुंबईची स्वतःची 'बॉम्बे टाइम' ही वेळ भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे असे आणि शहरात ती १९५५ पर्यंत रेंगाळली. शिवाय महायुद्धात सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ घड्याळं एक तास पुढे केली होती. युद्धकाळातले रात्री आठचे कार्यक्रम म्हणजे नेहमीच्या प्रमाणवेळेने संध्याकाळचे सात. उन्हाळ्यात खानदेशात सातला अजून उजेड असतो, मिडियम वेव्हची रात्रीची लहर धड सुरू झालेली नसते. 'आठच्या बातम्या तेव्हा नीट लागत नसत' असं कोणी म्हणालं, तर त्यामागे एवढंच असू शकतं.

आणि छापलेला कार्यक्रम झालाच असंही नाही. अंक बरेच दिवस आधी छापला जायचा. ३० जानेवारी १९४८ च्या संध्याकाळचे ठरलेले कार्यक्रम अंकात जसेच्या तसे दिसतील, प्रत्यक्षात काय लागलं ते सगळ्या देशाला माहीत आहे. छापील पान म्हणजे बेत. घडलं काय, ते केंद्राच्या लॉगबुकात.

सरकारी फायलींसाठी दोन ठिकाणं: दिल्लीचं राष्ट्रीय अभिलेखागार, ज्याच्या 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर फायलींची सूची आणि काही फायलींची पानं बघता येतात; आणि मुंबईचं राज्य पुराभिलेखागार. प्रसारणाचं स्वतंत्र खातं १९४१ साली झालं. त्याआधीच्या फायली उद्योग व कामगार, नंतर दळणवळण अशा खात्यांत पसरलेल्या आहेत. 'रेडिओ' म्हणून शोधून थांबू नका, 'ब्रॉडकास्टिंग' आणि 'वायरलेस' हे शब्दही टाका. पोलिसांचे कागद तर फारच बोलके. १९४२ साली उषा मेहता आणि सहकाऱ्यांनी मुंबईतून ४२.३४ मीटरवर काँग्रेस रेडिओ चालवला, नोव्हेंबरात तो पकडला गेला. त्यावर काय बोललं गेलं ते आज वाचायला मिळतं, कारण पोलीस ते ऐकून उतरवून घेत होते. वरच्या सूत्राने ४२.३४ मीटरचे किलोहर्ट्झ काढा: ७०८० च्या आसपास. म्हणजे आठवणीत 'चाळीस मीटरच्या जवळपास लागायचं' असं आलं तर ते बसतं, 'पंचवीसवर' आलं तर दुसरंच काही होतं. सुभाषबाबूंच्या आवाजाचंही तसंच. जर्मनीहून स्वतःच्या नावाने ते रेडिओवर पहिल्यांदा बोलले फेब्रुवारी १९४२ मध्ये. त्याआधीचं साल कोणी सांगितलं तर साल चुकलेलं आहे.

१९७६ नंतर: करारपत्रं, लॉग आणि टेप

जळगाव केंद्र आलं आणि कागदांचा प्रकार बदलला. आता खानदेशातली माणसं ऐकणारीच उरली नाहीत, ती बोलणारी आणि गाणारीही झाली. अहिराणी, लेवा बोली, भिल्ली यांत म्हणणारे, सांगणारे, भजनी मंडळं, कृषितज्ज्ञ. यांतल्या प्रत्येकाला कार्यक्रमाआधी करारपत्र जायचं. एका करारपत्रात इतिहासाला लागणारं बहुतेक सगळं असतं: कलाकाराचं नाव, कार्यक्रमाचा प्रकार, ध्वनिमुद्रणाचा दिवस, प्रसारणाची तारीख आणि वेळ, मिनिटं, मानधन, सही. केंद्राने आपली प्रत कधीच निकाली काढलेली असली, तरी कलाकाराच्या घरी ती फ्रेम करून लावलेली किंवा फाईलला लावलेली सापडते. ऑडिशनची श्रेणी कळवणारं पत्रही तिथेच असतं. दहा-वीस घरांतली करारपत्रं तारखेने लावली, की त्या काळी बोलीतल्या कार्यक्रमांना किती मिनिटं आणि कोणती वेळ मिळत होती याचा तक्ता आपोआप तयार होतो.

केंद्राकडे काय मागायचं? तिथल्या लोकांच्या भाषेत फिक्स्ड पॉइंट चार्ट, म्हणजे कोणत्या वेळी कोणता ठरलेला कार्यक्रम याचा तक्ता. क्यू शीट, म्हणजे त्या दिवसाचा उद्घोषकापुढचा क्रम. आणि ड्यूटी रूमचं लॉगबुक, ज्यात काय चुकलं, किती मिनिटं प्रक्षेपण बंद पडलं, कोणता कार्यक्रम रद्द झाला ते लिहिलं जातं. तिन्ही एकाच दिवसाचे मिळाले तर बेत, तयारी आणि घडलेलं असे तीन थर समोर येतात. आधी सरळ पत्र लिहून विनंती करा, जमलं तर प्रत्यक्ष भेटा. नाहीच जमलं तर माहिती अधिकार: अर्जाची फी दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस, कागद पाहायला पहिला तास फुकट आणि पुढे तासाला पाच रुपये, प्रत पानाला दोन रुपये. अर्जात 'केंद्राचा इतिहास द्या' असं लिहिलं तर उत्तर येणार नाही, कारण कायदा असलेला कागद द्यायला सांगतो, नवा लिहायला सांगत नाही. 'अमुक महिन्याच्या क्यू शीट पाहू द्याव्यात. नष्ट केल्या असल्यास नष्ट केल्याच्या आदेशाची प्रत द्यावी' असं नेमकं मागा. दुसरं वाक्य महत्त्वाचं आहे, त्याने शोध एका जागी तरी पक्का संपतो.

ध्वनिमुद्रणं कमी सापडतील, त्याची मानसिक तयारी ठेवा. टेप महाग, म्हणून एक कार्यक्रम प्रसारित झाला की टेप पुसून त्यावर दुसरा घेतला जायचा. उरलेली पाव इंची टेप सेकंदाला साडेसात किंवा पंधरा इंच वेगाने चालते. डबीवर वेग लिहिलेला नसेल आणि आवाज चिपमंकासारखा किंवा राक्षसासारखा आला, तर वेग चुकलाय. डबी उघडताच व्हिनेगरचा वास आला तर ती जुनी अॅसिटेट टेप सडायला लागली आहे, तिला बाकीच्यांपासून लगेच वेगळी ठेवा. चालवताना चिकटून किंचाळायला लागली तर तिथेच थांबवा. गरम करून तात्पुरती दुरुस्त करता येते, पण ते प्रयोगशाळेचं काम आहे. घरच्या ओव्हनमध्ये नाही. खानदेशातला मे महिना आणि पत्र्याचं छप्पर या दोन गोष्टी टेपला पुरेशा आहेत, त्यामुळे माळ्यावरून खालच्या खोलीत, भिंतीपासून हातभर लांब, उभी ठेवली तरी अर्धं काम झालं.

घराघरांत रेडिओवरून भरून घेतलेल्या कॅसेट हा मोठा खजिना आहे. वाजवण्याआधी टेपच्या मागची फेल्टची गादी जागेवर आहे का बघा. ती निघालेली असली की आवाज दबका येतो आणि लोक समजतात, टेपच गेली. संगणकात घेताना वेव्ह फाईल, ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट. एका आवाजवाहिनीचा तास साधारण एक जीबी होतो. घाईने एमपी ३ करून मूळ फाईल टाकून देऊ नका. कॅसेट तुमच्या मालकीची असली तरी आवाजावर प्रसारकाचा आणि कलाकाराचा हक्क असतो. प्रसारणाच्या पुनरुत्पादनाचा हक्क पंचवीस वर्षांचा आहे, गाण्याच्या ध्वनिमुद्रणाचा त्याहून लांब. जपायला हरकत नाही, इंटरनेटवर चढवण्याआधी परवानगी बघा.

माणसांना विचारताना

'कोणत्या साली?' हा प्रश्न बाजूला ठेवा, साल कोणालाच आठवत नाही. खुंटी द्या. 'आबा, नेहरू गेले ती बातमी तुम्ही कुठे ऐकली?' म्हणजे २७ मे १९६४. शास्त्रीजी ताश्कंदला वारले, ११ जानेवारी १९६६. कोयनेचा भूकंप, ११ डिसेंबर १९६७. आणीबाणीची घोषणा, २६ जून १९७५. घरातल्या खुंट्या याहून पक्क्या: 'थोरलीचं लग्न झालं तेव्हा रेडिओ होता का?', 'तो कापसाच्या पैशातून घेतला की नोकरीच्या?', 'आखाजीला माहेरी आल्यावर तिथे होता का?' बायकांना वेगळं बसून विचारा. ओसरीवरच्या रेडिओचं बटण कोणाच्या हातात असे आणि चुलीजवळ किती ऐकू येई, हे जिजी आणि मोठी माय सांगतात, आबा सांगत नाहीत. अहिराणीत बोलणाऱ्याला अहिराणीतच बोलू द्या. 'तुमना घर रेडू कव्हय उना?' (तुमच्या घरी रेडिओ कधी आला?) एवढं विचारता आलं तरी गाडी रुळावर येते. मग लिहून काढतानाही बोली तशीच ठेवा, शेजारी प्रमाण मराठी द्या.

मुलाखत ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर घ्या, तासाला पाचशे-सव्वापाचशे एमबी लागतील. मोबाईल टेबलावर न ठेवता दुमडलेल्या टॉवेलवर ठेवा, पंखा बंद. सुरुवातीला तारीख, गाव, तालुका आणि बोलणाऱ्याची परवानगी आवाजातच नोंदवा. पहिल्या भेटीत संच, परवाना, करारपत्र दाखवायला सांगा. वस्तू हातात आली की बोलणं बदलतं. लिहून काढलं की एक छापील प्रत घरी नेऊन द्या, दुसऱ्या फेरीच्या दुरुस्त्या तिथेच मिळतात.

जमलेल्या प्रत्येक आठवणीसमोर तीन रकाने ठेवा: संच, तारीख, केंद्र. ज्या रकान्यात कागद किंवा वस्तू आहे तिथे त्याचं नाव लिहा, जिथे फक्त शब्द आहे तिथे सांगणाऱ्याचं नाव, आणि जिथे लहरींच्या हिशेबाने बसत नाही तिथे खूण करून वाक्य जसंच्या तसं राहू द्या. पाटलांच्या वाड्यातल्या त्या रेडिओचं पहिल्या दोन रकान्यांत काय भरतं, ते परवान्याचं पुस्तक आणि चासीवरच्या बैठका ठरवतील.